ससाणा आणि गोगलगाय

यंदा विज्ञान मंडळाने 'माझा आवडता प्राणी' या विषयावर तक्ते मागवले होते. वाघ आले, मोर आले आणि बहिरी ससाणे तर ढिगाने आले. गोगलगाय मात्र इयत्ता पाचवीतल्या एकाच मुलीने काढली. तिचा तक्ता पाहून मोठी मुले हसली, आणि खरे सांगायचे तर काही पालकही हसले.

ससाण्याचे कौतुक करू नये असे आमचे म्हणणे नाही. शिकारीवर झेपावताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. आपल्या कुंडीखालची नखाएवढी गोगलगाय तासाभरात वर्गाची लांबीसुद्धा जेमतेम ओलांडते. वेगाचीच तुलना करायची तर विषय इथेच संपला. पण दोघांना जोडणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे अंड्याचे कवच.

ब्रिटनमध्ये ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली होती. डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातील जुनी व नवी अंडी ताडून पाहिली आणि कवच पातळ झाल्याचे १९६७ मध्ये दाखवले. त्यामागे डी.डी.टी. हे कीटकनाशक होते. अमेरिकेने १९७२ मध्ये त्याच्या शेतीतील वापरावर बंदी घातली, ससाण्यांची पिल्ले वाढवून रानात सोडली, आणि १९९९ मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. जगाला ही कथा ठाऊक आहे.

दुसरी कथा फारशी कोणाला ठाऊक नाही. नेदरलँडच्या काही जंगलांत चिमणीएवढ्या 'ग्रेट टिट' पक्ष्यांची अंडीही पातळ कवचाची निघू लागली. इथे दोष कीटकनाशकाचा नव्हता. प्रदूषणामुळे माती आम्लधर्मी होऊन तिच्यातला चुना कमी झाला, म्हणून गोगलगायी कमी झाल्या होत्या. हा पक्षी अंड्यांसाठी लागणारे कॅल्शियम गोगलगायीच्या शंखातून मिळवतो. संशोधकांनी शंखांचे व कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे ठेवले, तशी अंडी सुधारली. हा शोध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. असले छोटे पक्षी ससाण्याच्या आहारात असतात, हेही ध्यानात घ्यावे.

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण लबाडासाठी वापरतो. बिचारीचा पाय खरोखरच पोटाखाली असतो. शास्त्रज्ञांनी तिच्या वर्गाला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थही 'पोट-पाय' असाच आहे. यात लबाडी कसली, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही. बागा फस्त करणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची गोष्ट वेगळी, तिची वकिली आम्ही करत नाही.

आता आपल्या विद्यालयाकडे येऊ. मागच्या अंगणात चिखल होतो म्हणून सगळीकडे फरशी बसवावी अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आली आहे. चिखलाची तक्रार रास्त आहे. माळव्याची काळी माती पावसात कशी बुटांना चिकटते हे पालकांना वेगळे सांगायला नको. पण याच मातीत चुना आहे, ओल आहे, आणि भिंतीलगत पानांच्या कचऱ्याखाली त्या पाचवीच्या मुलीला तिची गोगलगाय सापडली. येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी जरूर बसवावी. भिंतीलगतची चार फुटांची पट्टी मात्र मोकळी ठेवावी आणि तिथे औषध फवारू नये, असे आम्ही पुढील सभेत मांडणार आहोत. पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, लेखी कळवावे. आणि मधल्या सुट्टीत गोगलगायीवर मीठ टाकून गंमत पाहणाऱ्या मुलांनी डब्यातले मीठ काकडीवरच टाकावे.