एकच प्रश्न, दोन उत्तरं

परवा नातीने फोनवर विचारलं, "आजी, तुला कादंबऱ्या जास्त आवडतात की आत्मचरित्रं?" मी म्हटलं, "दोन्ही." फोन ठेवल्यावर वाटलं, आवडीचं सांगणं सोपं आहे. मी विश्वास कशावर ठेवला, हे सांगणं अवघड आहे.

शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. माधवराव पेशव्यांचा धडा आला की पुस्तक मिटून मी रणजित देसाईंची 'स्वामी' सांगायला लागायचे. १९६२ सालची ही कादंबरी मला जवळजवळ पाठ होती. थेऊरचा शेवट सांगताना माझाच गळा दाटून यायचा. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, ते दोघंच बोलत होते ना, मग लिहिणाऱ्याला कसं कळलं?" मी म्हटलं, "अरे, लेखकाने अभ्यास केलाय." विषय संपला.

त्याच सुमारास, १९७८ साली, दया पवारांचं 'बलुतं' आलं. आमच्या एका सहकारी सरांनी ते मला मुद्दाम वाचायला आणून दिलं. मी जेमतेम चाळीस पानं वाचली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, "इतकं बारीकसारीक आठवतं तरी कसं बाई कुणाला? तिखटमीठ लावलेलं असणार." सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक परत मागून घेतलं, एवढंच.

आता बघा, प्रश्न एकच होता. लिहिणाऱ्याला हे कसं कळलं? दोनशे वर्षांपूर्वीच्या, कुणीही न ऐकलेल्या संवादांवर माझा विश्वास होता. आणि जो माणूस स्वतः जगलेलं सांगत होता, त्याच्याकडे मी पुरावा मागत होते!

कुणी म्हणेल, आठवणींवर शंका घ्यायचीच असते. मान्य. पण मग 'श्यामची आई'चं काय? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. लहानपणीचे आईचे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. ते वाचून मी दरवर्षी वर्गात रडले, पण इतकं कसं आठवतं, असं एकदाही मनात आलं नाही. कारण ते घर मला माझ्या घरासारखं वाटत होतं. म्हणजे माझी शंका साहित्यप्रकारावर नव्हतीच. ती घर बघून येत होती.

निवृत्तीनंतर 'बलुतं' सलग वाचलं. मुंबईतला कावाखाना आणि गावचा महारवाडा तर त्यात आहेच, पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लेखक स्वतःलाही सोडत नाही. पहिल्या बायकोशी आपण कसं वागलो, तेही सांगतो. तिखटमीठ लावणारा माणूस ते आधी स्वतःच्या मोठेपणाला लावेल ना? नंतर बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलं. ते १९८६ साली पुस्तकरूपात आलं. त्याआधी कितीतरी वर्षं त्या नवऱ्यापासून लपवून लिहीत होत्या. नावातही 'माझं' नाही, 'आमुचं' आहे.

माझं मत एवढंच, की कादंबरी मनापासून वाचावी, रडावं, पण तिला इतिहास म्हणू नये. आणि आत्मकथन वाचताना शंका आली, तर ती लेखकाला विचारण्याआधी स्वतःला विचारावी, की ही शंका मला इथेच का आली?

'स्वामी' अजूनही माझ्या उशाशी असते. तिच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही. पण त्या सरांना हे सांगायचं राहून गेलं. मी 'बलुतं' पूर्ण वाचलं तेव्हा सर हयात नव्हते. म्हणून इथे लिहिलं.

तुमच्याही बाबतीत असं एखादं पुस्तक झालं असेल, तर जरूर कळवा.