स्वाहिली वाक्यांतील सजीव आणि निर्जीव

मोंबासा, नैरोबी, दार-ए-सलाम या नगरांत भारतीय व्यापाऱ्यांच्या, आणि त्यांत जैन बंधूंच्याही, कित्येक पिढ्या नांदल्या. गल्ल्यावर बसणाऱ्यास तेथील स्वाहिली भाषा शिकणे भागच असे. परंतु भाव सांगण्यापुरती भाषा येणे निराळे आणि तिचे व्याकरण जाणणे निराळे. सुज्ञ वाचकहो, आज त्या व्याकरणाची ओळख रोजच्या बोलण्यातील काही वाक्यांतून करून घेऊ.

पहिले वाक्य गिऱ्हाइकाचे : ‘निताकुलीपा केशो’, म्हणजे ‘मी तुला उद्या पैसे देईन.’ ‘केशो’ म्हणजे उद्या. बाकी सारे एकाच शब्दात सामावले आहे. ‘नि’ म्हणजे मी, ‘ता’ ही भविष्यकाळाची खूण, ‘कु’ म्हणजे तुला आणि ‘लीपा’ म्हणजे पैसे चुकते करणे. ‘ता’च्या जागी ‘मे’ घातला की ‘निमेकुलीपा’ होते : मी तुझे पैसे चुकते केले आहेत. एका अक्षराने उधारी फिटते!

आता नामांकडे वळू. ‘मोठा घोडा पडला, मोठी घोडी पडली’ असे आपण म्हणतो, तेव्हा लिंगाची खूण शब्दांच्या अखेरीस दिसते. स्वाहिलीच्या व्याकरणात स्त्री-पुरुष असा भेद नाही. तेथे नामांचे वर्ग आहेत आणि त्यांची खूण शब्दांच्या आरंभी येते. ‘किताबू किमोजा किमेआंगूका’ म्हणजे एक पुस्तक पडले आहे. पुस्तके दोन असतील तर ‘विताबू विविली विमेआंगूका’. हा शब्द मूळ अरबी ‘किताब’च, पण त्यातील ‘कि’ला स्वाहिलीने आपल्या वर्गाची खूण मानले आणि अनेकवचनात तेथे ‘वि’ बसविला.

माणसांची खूण वेगळी. ‘म्तोतो म्मोजा अमेआंगूका’ म्हणजे एक मूल पडले आहे. दोन मुले असतील तर ‘वातोतो वाविली वामेआंगूका’. क्रियापदाच्या आरंभीचे ‘अ’ आणि ‘वा’ ध्यानात ठेवावेत.

आता ‘किबोको’ हा शब्द घ्या. त्याचे अर्थ दोन : पाणघोडा आणि चाबूक. पाणघोड्याच्या कातड्याचे चाबूक करीत, म्हणून नाव एकच. ‘किबोको किमेआंगूका’ म्हणजे चाबूक पडला आहे. ‘किबोको अमेआंगूका’ म्हणजे पाणघोडा पडला आहे. नामाचे रूप कोणतेही असो, ते जिवंत प्राण्याचे असेल तर क्रियापदास माणसाचीच खूण लागते. मधमाशीलाही तोच ‘अ’. झाड मात्र या वर्गात नाही; ‘म्ती उमेआंगूका’, झाड पडले आहे, येथे ‘उ’ येतो. आपण वनस्पतीलाही जीव मानतो, त्यामुळे ही विभागणी आपल्या जीव-अजीव भेदाशी तंतोतंत जुळत नाही. ती त्रस आणि स्थावर या भेदाच्या अधिक जवळची वाटते.

घाईच्या बाजारी बोलीत या खुणा गळतात, तरी व्यवहार अडत नाही. पण माणसाविषयी बोलताना क्रियापदास ‘अ’ऐवजी ‘कि’ लागला, तर त्याला वस्तूच्या पंक्तीत बसविल्यासारखे होते. हिणवण्यासाठी मुद्दाम असा प्रयोग केलाही जातो. नवख्याच्या तोंडून तो अजाणता निघाला, तरी ऐकणाऱ्याला बोचू शकतो. म्हणून पूर्व आफ्रिकेत व्यापारास जाणाऱ्या आपल्या मुलांनी ‘बेई’ म्हणजे भाव आणि ‘हेसाबू’ म्हणजे हिशेब हे शब्द अवश्य शिकावेत. पण त्यांच्याही आधी हा ‘अ’ शिकावा.