ठासणीची बंदूक ‘गावठी’ कोणी केली?

१/ सातारा-सांगलीच्या प्रतिसरकारविषयी दोन विधाने हमखास वाचायला मिळतात. पहिले : देशी कारागिराला धड बंदूक कधी घडवताच आली नाही. दुसरे : गावोगावच्या लोहारांनी गुपचूप ठासणीच्या बंदुका घडवल्या आणि त्यांच्या जोरावर इंग्रजी अंमल हटवला. ही विधाने परस्परविरोधी भासतात, पण चूक दोहोंची एकच आहे. बंदूक घडवणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही.

२/ ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. कानाशी ठेवलेली रंजक आधी जळत्या तोड्याने, मग चकमकीने पेटवली जाई. पुढे रंजकेच्या जागी केप आला. दस्ता, घोडा, चाप हे सारे डोळ्यांत भरते. बंदुकीचा जीव मात्र नळीत असतो.

३/ नळी घडवताना तापलेली लोखंडी पट्टी गुंडाळून, ठोकून सांधली जाई. त्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी ती वरून दिसत नाही. बार उडतो तेव्हाच ती कळते, आणि तोवर नळी नेमबाजाच्या तोंडाशी असते. म्हणून चाचणी ही या धंद्याची अर्धी कारागिरी होती.

४/ हे ज्ञान साहेबाने बोटीतून आणलेले नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बंदुकीवर सविस्तर लिहिले आहे. पत्रा तिरपा वळवून, घड्या एकमेकींवर चढवून नळी कशी सांधतात, हे तो सांगतो. तोंडापर्यंत दारू भरली तरी न फुटणाऱ्या नळ्यांचा अभिमानाने उल्लेखही करतो.

५/ इंग्लंडमध्ये काय होते? लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढायचा आणि टिकलेल्या नळीवर ठसा मारायचा, अशी रीत होती. तेथे चाचणीला कायद्याचे पाठबळ होते.

६/ मराठेशाहीला सारे स्वबळावर साधले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. युरोपीय बंदुका विकत घेतल्या जात, युरोपीय उस्तादही नेमले जात. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यावर सँगस्टर हा स्कॉटिश माणूस देखरेख करी. राबणारे हात मात्र देशी होते. १८०३ मध्ये असईला शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जी हानी केली, ती कारागिरीच्या अभावाची साक्ष खचित नव्हे.

७/ मग बदलले काय? राज्य बदलले. १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला गेला. उठावानंतर सरकारचा स्वतःच्या देशी शिपायांवरही विश्वास उरला नाही : त्यांच्या हाती एन्फील्डची आटे नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली.

८/ १८७८ चा शस्त्रकायदा हा याच अविश्वासाचा कळस. शस्त्र बनवणे, विकणे, बाळगणे यांसाठी परवाना आवश्यक झाला. युरोपीय मात्र त्यातून मोकळे. काँग्रेसने वर्षानुवर्षे या कायद्याला विरोध केला. अहिंसेचे उपासक गांधीजी यांनीही १९१८ मध्ये, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणे हे ब्रिटिश राजवटीचे काळेकुट्ट कृत्य ठरेल, अशा आशयाचे लिहिले.

९/ या कायद्याचा कारागिरीवर काय परिणाम झाला, हे क्वचितच कोणी सांगते. ऐरण दडवता येते, भट्टीत विळे-कोयत्यांचे निमित्त पुढे करता येते; बार मात्र दडवता येत नाही. चाचणीचा आवाज हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. चोरून घडवलेली नळी म्हणून नीट न पारखलेली नळी. ठसा नाही, उस्ताद नाही, चूक दाखवणारा जाणकार नाही. ‘गावठी’ या शब्दातला हिणकसपणा लोहाराच्या हातातून आलेला नाही. त्याची परीक्षाच कायद्याने बंद केली होती.

१०/ ‘कारखान्याच्या काडतुसांपुढे हातभट्टी टिकलीच नसती,’ हा आक्षेप रास्त आहे. टिकली नसती. पण तेथील कारागिराला कारखान्यात शिरण्याची वाट होती, येथे ती बंद होती. वाट मोकळी असती तर काय घडले असते, याचा दाखला याच मुलखात आहे : १९१० मध्ये औंध संस्थानात वसलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर घडवून दाखवले.

११/ आता दुसरी दंतकथा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर गेलेला मोर्चा निःशस्त्र होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. या भागातील अनेक कार्यकर्ते हत्याराच्या शोधाला लागले, त्यामागे असे अनुभव होते.

१२/ हत्यारे आली कोठून? २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तो पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव त्यात कामी आले. दादांना गोळी लागली. याखेरीज शस्त्रे पोर्तुगीज गोव्यातून विकत आणली जात. एखादे हत्यार गावच्या भट्टीत घडलेही असेल. चळवळ त्यावर उभी नव्हती.

१३/ ती उभी होती गावाच्या पाठिंब्यावर : न्यायनिवाडे, गांधीपद्धतीचे अल्पखर्ची विवाह, दारूबंदी, भूमिगतांना रात्री-अपरात्री मिळणारी भाकरी. प्रत्येक छायाचित्रावर बंदूक चिकटवणारे लोक क्रांतिकारकांचा गौरव करत नाहीत. भाकरी देणाऱ्या घराला ते इतिहासातून वगळतात.

१४/ स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रकायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची नावानिशी तरतूद आहे. विनापरवाना शस्त्रनिर्मितीला मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि ते योग्यच आहे. न पारखलेली नळी आजही प्रथम चालवणाऱ्याचाच घात करते.

१५/ तेव्हा लोहाराला नालायक म्हणू नये आणि त्याला क्रांतीचा गुप्त शस्त्रकारही बनवू नये. त्याच्याकडून एक विद्या कायद्याने काढून घेतली गेली, एवढेच सत्य नोंदवावे. ते पुरेसे गंभीर आहे.