पहिल्या पावसाचे बॅरल

वळवाचा पहिला पाऊस आला की सोलापुरात पन्हाळीखाली बॅरल, घागरी, पातेली मांडली जातात. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या शहरात हे साहजिकच आहे. शिवाय आकाशातून थेट आलेले पाणी सर्वांत शुद्ध, अशी समजूतही पक्की आहे. पाणी जरूर साठवावे. पण पहिल्या सरीचे नाही.

पावसाचा थेंब हवा धुतच खाली येतो. या धुणात धूळ आणि क्षार असतात, तशी सेंद्रिय संयुगेही असतात. त्यातली बरीच निसर्गाची. झाडे पानांतून आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात, जगभरात वर्षाला सुमारे ५० कोटी टन. हवेत त्याचे रूपांतर होता होता फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्ले तयार होतात. पहिले मुंग्यांच्या दंशात असते, दुसरे व्हिनेगरमध्ये. पावसात ती इतकी विरळ असतात की त्यांचा त्रास होत नाही.

माणसाने घातलेली भर मात्र वेगळी. ऊस तुटला की फडात पाचट पेटते, शहरात कचऱ्याबरोबर प्लास्टिक जळते, डिझेलचा धूर तर बारमाही. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या काजळीला बेंझोपायरिनसारखी संयुगे चिकटलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझोपायरिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हवेतली काजळी खाली बसते ती आपल्याच पत्र्यावर, स्लॅबवर आणि गावाकडच्या माळवदावर. उन्हाळाभर साचलेला हा थर पहिली सर बॅरलमध्ये उतरवते.

काही रसायनांना तर गाव-शीव राहिलेली नाही. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, आग विझवायचा फेस यांत वापरलेली फ्लोरिनची संयुगे सहजी विघटित होत नाहीत. ती तिबेटच्या पठारावरील पावसातही सापडल्याचे स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले. २०१८ व २०१९ मध्ये सोलापुरातून झालेल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगाची धास्ती घेणारे अजून भेटतात. तिथे ढगात फवारलेले कॅल्शियम क्लोराइड हे एक मीठ. मला काळजी कचऱ्याच्या धुराची अधिक वाटते.

तरीही डॉक्टर म्हणून क्रम लावायचा तर छतावरची पक्ष्यांची विष्ठा आधी. पावसाळ्याच्या तोंडावर जुलाबाचे रुग्ण वाढतात ते जंतूंमुळे. उकळल्याने जंतू मरतात. काजळीतली संयुगे आणि फ्लोरिनची रसायने मात्र घरच्या उकळीने जात नाहीत. पाणी आटले तर फ्लोरिनची रसायने उलट थोडी दाटच होतात. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले तसेच राहते.

म्हणून पहिले पाणी सोडून देणे हाच स्वस्त उपाय. हजार चौरस फूट छतावर २ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १८५ लिटर, जवळपास एक बॅरल. ते झाडांना किंवा संडासाला वापरावे. महापालिका पाऊसपाणी साठवण्याचा आग्रह धरते, तेव्हा पन्हाळीला पहिली सर बाहेर काढणारी तोटीही सक्तीची करावी आणि कचरा पेटवणाऱ्यांना खरोखर दंड करावा. नंतरचे पाणी धुण्या-भांड्यांना चालेल. प्यायचे असल्यास गाळून, उकळून. मध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली, आणि आपल्याकडे ती पडतेच, तर पुढच्या पावसाचेही पहिले पाणी सोडावे.