चांदीचे नाणे आणि बर्फावरील संघ

खेळाडूंच्या पराक्रमाची नोंद धातूवर करण्याची प्रथा जुनी आहे. मात्र अशा नाण्यांमुळे नेमका कोणाचा सन्मान होतो आणि कोणाचा लाभ होतो, हा प्रश्न चांदीच्या वाढलेल्या दरामुळे नव्याने विचारात घेण्याजोगा ठरला आहे.

पोलंडचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 2010 च्या व्हँकुव्हर आणि 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने दहा झ्लॉटींची चांदीची नाणी काढली. त्यांना कोणा एका विजेत्याचे नव्हे, तर राष्ट्रीय ऑलिंपिक संघाचे नाव देण्यात आले. व्हँकुव्हर येथे पोलंडने सहा पदके मिळविली. त्यांपैकी तीन युस्तिना कोवाल्चिक यांची, तर दोन आदाम माविश यांची होती. सहावे पदक महिलांच्या स्पीड स्केटिंग चमूचे होते. पदकाविना परतलेल्या खेळाडूंनाही नाण्याने सन्मानात सहभागी करून घेतले, हे त्याचे खरे महत्त्व होय.

दहा झ्लॉटींच्या या नाण्याचे वजन 14.14 ग्रॅम असून शुद्धता 925 आहे. म्हणजेच त्यात सुमारे 13 ग्रॅम शुद्ध चांदी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीने प्रति औंस 50 डॉलरची पातळी ओलांडली. त्या दराने नाण्यातील धातूच सुमारे 21 डॉलरचा होतो, तर दर्शनी मूल्य तीन डॉलरहूनही कमी आहे. दर चढले की नाणी वितळविण्याचा मोह वाढतो आणि स्मृतीचे रूपांतर लगडीत होण्याचा धोका संभवतो.

दुसरा प्रश्न निधीचा आहे. अमेरिकेने 2002 च्या सॉल्ट लेक सिटी स्पर्धेच्या चांदीच्या डॉलरवर कायद्यानेच दहा डॉलरचा अधिभार ठेवला होता. ही रक्कम स्पर्धेची संयोजन समिती आणि अमेरिकेची ऑलिंपिक समिती यांच्यात निम्मी-निम्मी वाटण्याची तरतूद होती. अशी तरतूद नसेल, तर नाण्याच्या विक्रीतून खेळाडूंच्या सरावाला हातभार लागेलच असे नाही.

भारतानेही 1982 च्या आशियाई आणि 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने स्मारक नाणी काढली. हिवाळी खेळांत मात्र आपली वाटचाल अद्याप खडतर आहे. शिवा केशवन यांनी 1998 ते 2018 या काळात सलग सहा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला. 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषक स्पर्धेत भारतीय महिला आइस हॉकी संघाने कांस्यपदक पटकाविले. या संघातील अनेक खेळाडू लडाखच्या असून तेथे थंडीत गोठणाऱ्या तळ्यांवरच हा खेळ रुजला आहे.

अशा संघाच्या नावे उद्या नाणे निघाले, तर ते स्वागतार्हच ठरेल. तथापि, त्यावरील अधिभारातून सरावासाठी बर्फाचे मैदान उभे राहिले, तरच त्या सन्मानाला पूर्णत्व येईल.