गाडी दान देण्याआधी आरसीवरची तारीख बघा

तालुक्याच्या गावातल्या एका वसतिगृहाच्या कार्यकारिणीत मी काम करतो. आमच्या आवारात कडुनिंबाखाली एक पांढरी मारुती ८०० तीन पावसाळे उभी होती. एका सद्गृहस्थांनी ती वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली. दिली त्या दिवशी बोनेटवर हार होता, मुलांना पेढे वाटले होते. चौथ्या वर्षी आम्ही दार उघडलं तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांची पिल्लं होती, वायरिंग कुरतडलेलं होतं आणि चाकं रिमपर्यंत मातीत रुतली होती. समोरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात आरसी बुक मात्र नीट जपलेलं. नोंदणीची मुदत गाडी आमच्याकडे येण्याच्या पाच महिने आधीच संपली होती. मालकाच्या जागी दिवंगत वडिलांचं नाव, खाली बँकेचा बोजा. कर्ज केव्हाच फिटलेलं, बोजा कुणी उतरवलाच नव्हता.

देणाऱ्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अशा गाड्या गावोगावच्या संस्थांच्या आवारात उभ्या आहेत आणि आता त्या वाढणार आहेत. म्हणून हे मुद्दे.

१. खासगी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे १५ वर्षं चालते. ‘पासिंग संपलं’ असं आपण म्हणतो ते हेच. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून घेता येते. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. मोठ्या शहरांत मारुती ८०० ची विक्री एप्रिल २०१० मध्ये थांबली. म्हणजे तिथे अगदी शेवटी घेतलेल्या ८०० चीही पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. त्यामागोमाग त्या काळातल्या इतर छोट्या गाड्या आहेतच. घरात नवी गाडी आली की जुनीचं काय करायचं हा प्रश्न येतो, आणि कुणीतरी म्हणतं, देऊन टाका एखाद्या संस्थेला.

२. मुदत संपलेल्या आरसीवर नाव बदलून मिळत नाही. आधी नूतनीकरण, मग हस्तांतर. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० रुपयांवरून ५,००० झाली. त्यावर पर्यावरण कर, उशिराचा दंड, पीयूसी, विमा, राहिलेली ई-चलनं. गाडी निरीक्षकापुढे उभी करायची तर ती चालायला हवी, म्हणजे बॅटरी आणि टायर आले. मालक वारले असतील तर आणखी एक पायरी. वारसांनी ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, ते मी समजू शकतो. पण वर्षं उलटून गेल्यावर ते सगळं वसतिगृहाच्या कारकुनावर सोडणं बरोबर नाही. वारसांच्या सह्या तो कुठून आणणार?

३. देणाऱ्याने स्वतःसाठी वाचावा असा हा मुद्दा आहे. गाडी कुणाच्या आवारात उभी आहे याला कायद्यात महत्त्व नाही, आरसीवर नाव कुणाचं आहे याला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. त्या गाडीने अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर टाकली. मग संस्थेच्या पोराने हौसेने गाडी बाजारात नेली आणि कुणाला धडक बसली, तर नोटीस येईल ती तुमच्या दारात.

विम्यावरही भिस्त ठेवू नका. ३० सप्टेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोरीला गेलेल्या बोलेरोचा विमा दावा नामंजूर केला, कारण तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती. विनानोंदणी गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, तो वेगळाच.

४. संस्थेला गाडी खरोखर हवी आहे का, हे आधी विचारा. ‘आजारी मुलांना दवाखान्यात न्यायला होईल’ असं म्हणून लोक देतात. पण खासगी नोंदणीच्या गाडीची रुग्णवाहिका होत नाही, तिच्यातून भाडं घेऊन मुलांची ने-आणही करता येत नाही. चालकाचा पगार, पेट्रोल आणि दुरुस्ती यांचा खर्च कुठून करायचा? आमच्याकडे ६० मुलांचा स्वयंपाक असतो. जून उजाडला की तांदूळ, गाद्या आणि वह्या यांची चिंता असते.

५. मग जुन्या गाडीचं करायचं काय? दोनच सरळ रस्ते आहेत.

गाडी दमदार असेल आणि संस्थेने मागितली असेल तर स्वतःच्या खर्चाने नूतनीकरण करा, बोजा उतरवा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, कलम ५० प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवा, आणि संस्थेच्या नावाची आरसी हातात आली की मगच हार घाला.

गाडी दमलेली असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम केले. ज्यांची नोंदणी पुढे वाढवलेली नाही अशा गाड्या तिथे घेतात. गाडीच्या मोडीचे पैसे मालकाच्या खात्यात येतात. सरकारी धोरणात ही रक्कम त्या प्रकारच्या नव्या गाडीच्या किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के धरली आहे. शिवाय गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं तर नव्या खासगी गाडीच्या वाहन करात केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आरटीओच्या नोंदीतून गाडी कायमची उतरते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर चार पैसे जास्त मिळतील, पण चासी नंबर कुठल्या दुसऱ्या गाडीवर जाऊन बसेल याची खात्री कोण देणार?

स्क्रॅपचे पैसे आले की ते संस्थेला द्या. वडिलांच्या नावाने द्या. पावतीवर त्यांचं नाव लिहून मागा, आम्ही आनंदाने लिहू.

कठोपनिषदात नचिकेताचे वडील यज्ञात गाई दान देतात. त्या गाईंचं दूध आटलेलं, चारापाणी संपलेलं. ते पाहून लहान पोर अस्वस्थ होतं. इतक्या जुन्या काळीही देणाऱ्याने आधी स्वतः बघावं ही अपेक्षा होती.

६. कर सवलतीचा हिशेबही रोख रकमेच्याच बाजूने आहे. आपण ज्याला ८०जी म्हणतो ती वजावट पैशाच्या दानाला मिळते, वस्तूच्या दानाला नाही. (तीही जुनी कररचना घेणाऱ्यांनाच, आणि २,००० रुपयांवरची रक्कम चेकने किंवा ऑनलाइन दिली तरच.) अमेरिकेतले नातेवाईक सांगतात की तिकडे लोक जुनी गाडी संस्थेला देऊन कर वाचवतात. खरं आहे. पण तिथेही २००५ पासून संस्थेने गाडी जितक्याला विकली, साधारण तितकीच वजावट मिळते. आणि कॅलिफोर्नियात गाडी दिल्यावर ५ दिवसांच्या आत वाहन खात्याला कळवावं लागतं. म्हणजे कागद तिथेही चुकत नाहीत.

७. संस्थाचालकांनो, नाही म्हणायला शिका. ‘धर्माची गाय आणि दात काय नाय’ ही म्हण घेणाऱ्याचं तोंड बंद करते, म्हणून आपण गप्प बसतो. आमच्या कार्यकारिणीने ठराव केला आहे: संस्थेच्या नावाची आरसी झाल्याशिवाय कुठलीही गाडी फाटकाच्या आत घ्यायची नाही. पहिल्या वर्षी दोन देणगीदार नाराज झाले. त्यांतल्या एकाने गाडी स्क्रॅपला देऊन आलेली रक्कम पाठवली. त्यातून मुलींच्या खोल्यांना मच्छरदाणीच्या खिडक्या बसल्या.

८. परिवहन खात्याकडे एकच मागणी आहे. गाडी स्क्रॅपला देताना ‘रक्कम नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला द्यावी’ असा एक रकाना अर्जात असावा आणि पैसे थेट न्यासाच्या खात्यात जावेत. आणि मालक वारलेल्या गाड्यांसाठी वर्षातून एकदा तालुक्याला शिबिर भरवा. वारस, बँकेचा माणूस आणि आरटीओचा निरीक्षक एका मांडवात बसले तर बोजा, नाव आणि मोडीचा अर्ज एका दिवसात मार्गी लागेल.

कडुनिंबाखालची ती ८०० अजून तिथेच आहे. वारसांपैकी एक बहीण परदेशात असते, तिच्या सहीचा कागद यायचा आहे. तुमच्या बिल्डिंगखाली ताडपत्री घातलेली गाडी असेल, तर आज संध्याकाळी खाली उतरा, कप्प्यातलं आरसी बुक काढा आणि मुदतीची तारीख वाचा.