गाडा होईल हो, पण उभा कुठं करायचा?

परवा बसस्टँडसमोर चहा घेताना ओळखीच्या एक ताई भेटल्या. नवऱ्याचं काम सुटलंय, म्हणून वडापावचा गाडा टाकायचाय. बचत गटात कर्जाचं बोलणं झालंय, जुना गाडा बघून ठेवलाय. शेगडी, कढई, निळा सिलिंडर, पहिल्या आठवड्याचं बेसन-तेल, सगळा हिशेब पोराच्या वहीच्या मागच्या पानावर. हाताला चव आहे, हे मी खाऊन सांगतोय. त्यांनी एकच विचारलं, "दादा, तुम्ही पेपरवाले. कुठं उभी राहू म्हणजे कुणी उठवणार नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं याच गावात बातमीदारी करतोय, तरी.

खरं सांगायचं तर लाजही वाटली. "अतिक्रमणावर हातोडा, रस्त्यांनी घेतला मोकळा श्वास" असले मथळे मीच दिलेत. फोटोत उलटा पडलेला गाडा असायचा. त्या गाड्याच्या मालकाला चार शब्द विचारावेत, हे तेव्हा सुचलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत. दर पाच वर्षांत एकदा तरी सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जात नाहीत, तोवर आहे त्या विक्रेत्याला उठवता येत नाही. नंतरही हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. नाशवंत माल जप्त केला, तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा. आणि ताईंसारख्या नव्या माणसाला दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही अर्ज करता येतो. जागेची क्षमता बघून समिती प्रमाणपत्र देऊ शकते.

पैशाची सोयही आहे. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, पीएम स्वनिधी आली. पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, आता १५ हजारांपर्यंत मिळतं. पण त्यालाही प्रमाणपत्र, ओळखपत्र नाहीतर शिफारसपत्र लागतं. म्हणजे फिरून गाडी जागेपाशीच अडते.

आपल्याकडे काय चालतं? सकाळी बाजार फीची पावती फाडायची आणि संध्याकाळी त्यालाच "अतिक्रमण" म्हणायचं. पावती घेताना तो विक्रेता, गाडा उचलताना तो गुन्हेगार. हे कसं?

काही जण म्हणतील, रस्ते आधीच अरुंद, ॲम्ब्युलन्स कुठून जाणार? रास्त आहे. माझी आईपण त्याच रस्त्यानं दवाखान्यात जाते. पण म्हणूनच तर विक्री क्षेत्र ठरवायचं ना! कुठं उभं राहायचं नाही हे सांगायचा अधिकार त्यालाच, जो कुठं उभं राहायचं हेही सांगतो. नुसतं हाकलून गर्दी कमी होत नाही, चार दिवसांनी तोच गाडा पुढच्या कोपऱ्यावर दिसतो. फरक इतकाच, मधल्या चार दिवसांत घरात चूल पेटलेली नसते.

नव्यानं गाडा टाकणाऱ्यांना माझं सांगणं: जुना गाडा घेण्याआधी नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अन्न विभागाची नोंदणी करून घ्या. घरगुती लाल सिलिंडर गाड्यावर वापरू नका. कागद हातात असला की बोलायला बळ येतं.

मी सोमवारी माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकतोय: शेवटचं सर्वेक्षण कधी झालं? समितीची बैठक कधी झाली? विक्री क्षेत्रं कुठली? उत्तर आलं की इथंच टाकीन. नाही आलं, तर तेही टाकीन.

तुमच्या ओळखीत कुणाचा गाडा उचलला गेला असेल आणि पावती जपून ठेवली असेल, तर मला दाखवा. या वेळी मथळा वेगळा द्यायचाय.